बसून उठल्यावर पिस्तुलाची मूठ कपड्यांतून का डोकावते? परवानाधारक स्त्रियांसाठी कारणशोध आणि दुरुस्ती

कपड्यांखाली पिस्तूल बाळगणाऱ्या स्त्रियांकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. सकाळी आरशासमोर सगळे नीट झाकलेले दिसते, पण दोन-तीनदा बसून उठले, जिना चढला किंवा वाकून काही उचलले की होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचे म्यान, जागचे हलते, मूठ शरीरापासून सुटून बाहेर कलते आणि कुडत्यावर किंवा शर्टावर तिचा ठसा उमटतो. यावर सहसा आणखी लहान पिस्तूल घेतले जाते, त्याने भागले नाही तर ढगळ कपडे येतात, आणि अखेरीस कंटाळून पिस्तूल पर्समध्ये जाते. या तिन्ही वाटांनी मी स्वतः गेले आहे आणि तिन्हींवरून परत आले आहे. माझ्या अनुभवाने दोष बहुतेक वेळा पिस्तुलात नसतो. तो पट्टा, होल्स्टर आणि शरीर यांच्या कोनात असतो, आणि हा कोन दुरुस्त करता येतो.

हे लेखन ज्यांच्याकडे शस्त्र जवळ बाळगण्याचा वैध परवाना आहे आणि ज्यांनी प्रत्यक्ष प्रशिक्षकाकडून पिस्तूल हाताळण्याचे शिक्षण घेतले आहे, त्यांच्यासाठी आहे. शस्त्र झाकून बाळगावे की कसे, कोणत्या ठिकाणी ते मुळीच नेऊ नये आणि ते चुकून इतरांना दिसल्यास काय होते, याचे नियम प्रदेशागणिक बदलतात. त्यामुळे पुढचे काहीही करून पाहण्याआधी आपल्या परवान्यावरील अटी एकदा शब्दशः वाचून घ्याव्यात.

तपासणीपूर्वी

सर्व चाचण्या रिकाम्या पिस्तुलाने करायच्या आहेत. आधी मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) काढावे, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (नळीच्या मागची काडतुसाची जागा) डोळ्यांनी पाहावा आणि बोटाने चाचपावा, आणि सगळी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून त्या खोलीचे दार बंद करावे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण मॅगझिन आत असताना स्लाइड ओढून सोडली तर चेंबर रिकामा होण्याऐवजी नवे काडतूस आत चढते. सरावासाठी रबरी किंवा प्लास्टिकची नकली पिस्तुले मिळतात. तुमच्या पिस्तुलाच्या मापाची मिळाली तर तीच वापरावी, कारण पुढच्या चाचण्यांमध्ये तासन्तास बसणे, वाकणे आणि चालणे आहे.

आता आरशासमोर एका बाजूने उभे राहा, पाच वेळा खुर्चीत बसून उठा आणि नेमके काय बिघडले ते पाहा. ‘मूठ दिसते’ एवढे निदान पुरेसे नाही, कारण मूठ दिसण्यामागे निदान चार वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. पहिल्या प्रकारात पिस्तुलाचा वरचा भाग शरीरापासून दूर, पुढच्या दिशेने कलतो, जणू ते पट्ट्यावरून वाकून बाहेर पाहत आहे. दुसऱ्या प्रकारात पिस्तूल शरीराला चिकटलेले असते, पण मुठीचा खालचा कोपरा, म्हणजे जिथून मॅगझिन आत जाते ते टोक, बाजूला फिरून कपड्याला उचलते. तिसऱ्या प्रकारात होल्स्टर सरकते, म्हणजे सकाळी उजव्या जांघेवर असलेले दुपारी कमरेच्या हाडावर सापडते किंवा दर वेळी थोडे थोडे वर चढते. चौथ्या प्रकारात पिस्तूल जागेवरच असते, पण बसल्यावर नळीचे टोक मांडीत किंवा मूठ बरगडीत रुतते, आणि आपण स्वतःच नकळत ते हाताने सारत राहतो. हा चौथा प्रकार अनेकींना तिसऱ्यासारखा वाटतो. त्यांचा समज होतो की होल्स्टर आपोआप हलते, प्रत्यक्षात ते त्यांचाच हात हलवत असतो. एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरातल्या घरात फोनवर अर्धा तास चित्रीकरण करून पाहिले तर हे चटकन लक्षात येते.

शरीराचा आणि कपड्यांचा वाटा

बाजारातील बहुतेक होल्स्टर पुरुषाची तुलनेने सरळ कंबर आणि लांब धड गृहीत धरून बनवलेली असतात. स्त्रियांच्या शरीरात कमरेपासून नितंबांपर्यंतचा उतार जास्त असतो आणि पट्टा ते काख हे अंतर सहसा कमी असते. उजव्या कुशीला, पट्ट्याच्या बाहेरून होल्स्टर लावले तर नितंबाचा फुगवटा नळीचे टोक बाहेर ढकलतो आणि त्याच प्रमाणात मूठ आत बरगडीवर येते. तिथून पिस्तूल उपसायचे तर कोपर जवळजवळ कानापर्यंत उचलावे लागते. गणवेशातल्या स्त्री पोलिसांसाठी होल्स्टर पट्ट्याच्या खाली उतरवणारे आणि शरीरापासून थोडे दूर नेणारे जोड वापरतात, ते याच कारणाने. मात्र ते उघडपणे वागवायच्या शस्त्रासाठी आहेत, झाकण्यासाठी त्यांचा उपयोग नाही.

याला पँटच्या उंचीची भर पडते. उंच कमरेच्या पँटचा पट्टा बेंबीवर किंवा तिच्याही वर बसतो. साहजिकच पिस्तूल तितकेच वर जाते, मूठ छातीखाली पोहोचते आणि बसल्यावर तिला जायला जागाच उरत नाही. तेच पिस्तूल आणि तेच होल्स्टर मध्यम उंचीच्या पँटमध्ये, बेंबीच्या तीन-चार बोटे खाली घातले तर अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. म्हणून नवे होल्स्टर घेण्याआधी कपाटातली दुसरी पँट घालून पाहावी, असे मी आग्रहाने सांगते.

पट्टा

यावर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण सर्वांत जास्त दुर्लक्ष याकडेच होते. काडतुसांसह भरलेल्या ग्लॉक १९ सारख्या मध्यम आकाराच्या पिस्तुलाचे वजन सुमारे ८५० ग्रॅम असते. कपड्याला शोभा म्हणून घातलेला मऊ पट्टा एवढे वजन पेलू शकत नाही. तो होल्स्टरच्या जागी पिळवटतो, आणि तो पिळवटला की होल्स्टरला ज्या भिंतीचा आधार घ्यायचा असतो ती भिंतच कोसळते. शस्त्रासाठी बनवलेल्या पट्ट्यात आतून कडक प्लास्टिकची किंवा धातूची पट्टी असते. तो हाताने आडवा वळतो, पण उभा पिळला जात नाही. पट्टा दोन्ही हातांत धरून टॉवेल पिळतो तसा पिळून पाहावा. सहज पिळला गेला तर तो या कामाचा नाही.

दुसरी अडचण रुंदीची आहे. असे पट्टे बहुधा ३८ मिलिमीटर रुंद असतात आणि स्त्रियांच्या पँटचे लूप पुष्कळदा त्याहून अरुंद असतात. मग ३२ मिलिमीटरचा पट्टा घेतला जातो, ते ठीकच आहे, पण होल्स्टर पट्ट्याला अडकवणारी क्लिप ३८ मिलिमीटरचीच राहते आणि सहा मिलिमीटरची मोकळी जागा उरते. बसताना होल्स्टर त्या जागेतून वर येते आणि उठताना तिरपे होऊन खाली बसते. वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारामागे अनेकदा एवढेच कारण असते. पट्ट्याच्या मापाची क्लिप बसवली की होल्स्टरचे चढणे थांबते. लूप एकमेकांपासून फार दूर असतील तर शिंप्याकडून होल्स्टरच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा लूप शिवून घेणे हा स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे.

तिसरी गोष्ट क्वचितच कोणी बोलून दाखवते. महिन्यातल्या काही दिवसांत पोट फुगते आणि कमरेचे माप बदलते. साध्या पट्ट्याची भोके साधारण २५ मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणजे एका भोकावर पट्टा आवळतो आणि पुढच्यावर होल्स्टर लोंबते. दातेरी पट्टीवर सरकणाऱ्या बकलाचा पट्टा सुमारे सहा मिलिमीटरच्या टप्प्यांनी कमी-जास्त करता येतो. बसताना एक दात सैल आणि उभे राहिल्यावर एक दात घट्ट, एवढ्याने माझा स्वतःचा दुपारचा त्रास बंद झाला. जिला दर महिन्याला चार-पाच दिवस ‘होल्स्टर अचानक बिघडले’ असे वाटते, तिने होल्स्टर बदलण्याआधी हा पट्टा वापरून पाहावा.

एक प्रसंग सांगते. क्लिप पट्ट्याखाली नीट अडकलेली नव्हती, ती नुसती पँटच्या कापडावर बसली होती, आणि रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागी, पिस्तूल उपसताना माझ्या हातात पिस्तुलासह होल्स्टरही आले. प्रशिक्षकांनी तत्क्षणी थांबवले आणि काही बिघडले नाही. पण हात आणि नळी कुठे रोखलेली आहे आणि झाकलेल्या चापापाशी बोट कुठे आहे, यांपैकी कशाचाही त्या क्षणी मला पत्ता नव्हता. तेव्हापासून रोज सकाळी क्लिपचा आकडा पट्ट्याच्या खालच्या कडेखाली गेला आहे का, हे मी बोटाने चाचपते आणि होल्स्टर जोरात वर ओढून पाहते. ते हलता कामा नये.

कलणारी मूठ, फिरणारी मूठ

पट्टा योग्य असूनही मूठ बाहेर कलत असेल तर पिस्तुलाचे वजन पट्ट्याच्या वर जास्त आणि खाली कमी आहे, असे समजावे. इथे एक उलटी वाटणारी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आखूड नळीचे, ठेंगणे पिस्तूल लपवायला सोपे वाटते, पण पँटच्या आत त्याचा फारच थोडा भाग उतरतो आणि मुठीतले भरलेले मॅगझिन वर राहते, त्यामुळे ते जास्त कलते. त्याच मुठीचे पण थोड्या लांब नळीचे पिस्तूल, किंवा आखूड पिस्तुलासाठी लांब केलेले होल्स्टर, पोटाखाली अधिक टेकते आणि वरचा भाग आपोआप आत येतो. नळी पँटच्या आत असते आणि कपड्यावर ठसा उमटतो तो मुठीचा, म्हणून लपवण्याच्या दृष्टीने मुठीची लांबी मोजावी. नळी दोन सेंटिमीटर वाढली तरी बाहेरून काही दिसत नाही.

होल्स्टर बदलायचे नसेल तर पाचर लावावी. होल्स्टरच्या शरीराकडील बाजूला, अगदी खाली, नळीच्या तोंडापाशी फोमची तिरकी पाचर चिकटवली की ती खालचा भाग शरीरापासून दूर ढकलते आणि वरची मूठ पोटाकडे झुकते. तयार पाचरी मिळतात. बुटाच्या आतल्या जाड तळव्याचा तुकडा कापून दुहेरी चिकटपट्टीने लावला तरी चालतो, आणि आधी तसाच प्रयोग करावा, कारण जाडी किती हवी हे प्रत्येकीच्या पोटाच्या आकारावर ठरते. सपाट पोटाला पातळ पाचर पुरते. पोट थोडे पुढे असेल तर जाड लागते. पाचर होल्स्टरच्या बाहेरून लावायची, आत कधीही नाही.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे मुठीचे टोक बाजूला फिरत असेल तर, पाचरीचा फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी होल्स्टरच्या चापाकडच्या बाजूला एक छोटा पंख बसवतात. तो पट्ट्याच्या आतून पट्ट्यावर दाब देतो आणि त्या दाबाने मूठ शरीराकडे वळते. पट्टा सैल असेल तर या पंखाला दाबायला काही सापडत नाही, म्हणून पुन्हा आधी पट्टा. होल्स्टरचा तिरपेपणा बदलण्याची सोय असेल तर पुढच्या बाजूच्या होल्स्टरला जवळजवळ सरळ ठेवावे. कुशीपासून किंचित मागे असलेल्याला पुढे झुकवावे, म्हणजे मुठीचे टोक पाठीच्या वक्राशी समांतर होते.

जागेबद्दल घड्याळाच्या आकड्यांच्या भाषेत बोलायचे तर बेंबी १२ वर आणि उजवी कूस ३ वर आहे. उजव्या हाताने पिस्तूल चालवणाऱ्या बहुतेक स्त्रियांना १ ते २ च्या मधली जागा सर्वांत सोयीची पडते, कारण तिथे नितंबाचा उतार आड येत नाही, हात पटकन पोहोचतो आणि गर्दीत पिस्तूल स्वतःच्या नजरेसमोर राहते. डावखुऱ्या स्त्रियांनी हेच आरशातल्यासारखे उलटे घ्यावे. ज्यांची सिझेरियन शस्त्रक्रिया झाली आहे त्यांना व्रणावर होल्स्टरचा दाब सहन होत नाही. त्यांनी जागा एक-दोन सेंटिमीटर बाजूला नेऊन किंवा ४ च्या आसपास ठेवून पाहावी. ६ वर, म्हणजे मणक्यावर, कडक वस्तू बाळगू नये, कारण पाठीवर पडल्यास कण्याला इजा होऊ शकते आणि तिथले पिस्तूल मागून कोणीही ओढून काढू शकते.

रुतण्याचा चौथा प्रकार बहुतेक वेळा जागा दोन सेंटिमीटर सरकवून आणि होल्स्टरची उंची एक छिद्र वर-खाली करून सुटतो. बदल एका वेळी एकच करावा आणि तो अख्खा दिवस, रिकाम्या पिस्तुलाने, घरात वागवून पाहावा. दहा मिनिटांत सोयीचे वाटलेले होल्स्टर तिसऱ्या तासाला नकोसे होते, आणि याच्या उलटही घडते.

पट्टा नसलेले कपडे

लेगिंग, सलवार, झगा किंवा एकसंध पोशाख यांना पट्टाच नसतो. त्यासाठी पोटाभोवती गुंडाळायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा वापरतात. त्यात पिस्तूल नुसते कापडी खिशात खोचले जात असेल तर तो वापरू नये. बाहेरून बोट, किल्ली किंवा टेबलाची कड लागली तरी दाब थेट चापापर्यंत पोहोचू शकतो. इलॅस्टिकच्या आत चाप आणि त्याभोवतीची कडी पूर्ण झाकणारे कडक कवच शिवलेले किंवा घट्ट बसवलेले असावे. कायडेक्ससारख्या उष्णतेने घडवलेल्या प्लास्टिकचे होल्स्टर या कामी चांगले, पण ते उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवू नये, कारण फार उष्णतेने त्याचा आकार बिघडतो.

अलीकडे कडक होल्स्टर एका स्वतंत्र पातळ पट्ट्यावर बसवून कपड्यांच्या आत, थेट अंगावर बांधण्याची रचनाही मिळते. ती बाहेरच्या कपड्यावर अवलंबून नसते, त्यामुळे पट्ट्याची अडचण मुळातच संपते. बांधायला आणि जुळवायला पहिले आठ-दहा दिवस वेळखाऊ वाटते, तरी ज्यांचा रोजचा पोशाख पट्ट्याविना आहे त्यांना मी हीच रचना सुचवीन. एकसंध झग्याखाली कोणतीही रचना घातली तरी पिस्तूल उपसायला अख्खा झगा वर घ्यावा लागतो, हे आधीच मान्य करून दोन भागांचा पोशाख निवडणे शहाणपणाचे ठरते.

छातीवरच्या अंतर्वस्त्राला अडकवायच्या होल्स्टरबद्दल अनेकजणी विचारतात. माझे उत्तर ‘नको’ असे आहे. ते काढताना आणि विशेषतः जुळवताना नळी स्वतःच्या हातावरून, छातीवरून किंवा चेहऱ्यावरून फिरते. २०१५ च्या सुरुवातीला अमेरिकेतील मिशिगन राज्यात असे होल्स्टर नीट करताना गोळी सुटून एका स्त्रीचा जीव गेला. पोटरीवरचे होल्स्टर बसून राहणाऱ्यांना सोयीचे असते, उभ्याने मात्र त्यापर्यंत पोहोचायला खाली बसावे लागते.

पर्स हा उपाय का नाही

कमरेवरची समस्या सुटत नाही म्हणून पिस्तूल पर्समध्ये टाकणे म्हणजे छोटी अडचण देऊन मोठी घेणे. पर्स खुर्चीला अडकवली जाते, गाडीत राहते, हिसकावली जाते, आणि मुले तिच्यात हात घालतात. ३० डिसेंबर २०१४ रोजी अमेरिकेतील आयडाहो राज्यातल्या हेडन येथे एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्सच्या चेन असलेल्या कप्प्यातून पिस्तूल काढले आणि सुटलेल्या गोळीने ती जागच्या जागी गेली. ती पर्स शस्त्र बाळगण्यासाठीच बनवलेली होती. ज्या घरात लहान मुले आहेत तिथे पर्स हा पर्याय विचारातच घेऊ नये. अन्य परिस्थितीत अगदी नाइलाज असेल तर वेगळा, कुलूप लावता येणारा कप्पा, त्याच्या आत घट्ट बसवलेले कडक होल्स्टर, त्या कप्प्यात दुसरी एकही वस्तू नाही, आणि पर्स आडव्या पट्ट्याने कायम अंगावर. ती खाली ठेवणे म्हणजे भरलेले पिस्तूल खाली ठेवणे होय.

परत होल्स्टरमध्ये ठेवताना

नको असताना गोळी सुटण्याचा मोठा धोका पिस्तूल होल्स्टरमध्ये परत ठेवण्याच्या क्षणी असतो. शर्टाची कड, जॅकेटच्या दोरीचे टोक किंवा ओढणीचा पदर होल्स्टरच्या तोंडात जातो, चापाच्या कडीत अडकतो आणि पिस्तूल खाली ढकलले की तो कपडाच चाप ओढतो. जुन्या, मऊ पडलेल्या चामडी होल्स्टरचे तोंड आत दुमडूनही हेच होते, म्हणून असे होल्स्टर दुरुस्त करत न बसता टाकून द्यावे. ज्यांच्या मूळ अडचणीवर मी वर लिहिले त्या स्त्रिया दिवसभरात अनेकदा पिस्तूल काढून पुन्हा बसवतात आणि हा धोका तितक्या वेळा वाढवतात. पुढच्या बाजूच्या होल्स्टरमध्ये तर नळीचा रोख जांघेकडे आणि तिथल्या मोठ्या रक्तवाहिनीकडे असतो.

म्हणून घरी तयार होताना पिस्तूल आधी हातातल्या होल्स्टरमध्ये, नळी सुरक्षित दिशेला ठेवून बसवावे आणि मग पिस्तुलासह होल्स्टर पँटमध्ये घालून क्लिप लावावी. काढतानाही होल्स्टरसकट काढावे. अंगावरच्या होल्स्टरमध्ये परत ठेवण्याची वेळ आलीच तर बोट चापापासून दूर स्लाइडच्या बाजूवर सरळ, दुसऱ्या हाताने कपडा छातीपर्यंत उचललेला, कंबर किंचित पुढे आणि नजर होल्स्टरच्या तोंडावर. थोडाही अडथळा जाणवला तर ढकलायचे नाही, बाहेर काढून पाहायचे. हे काम हळू केल्याने कोणाचेही नुकसान झालेले नाही.

आणखी एक बाब याच सवयीतून येते. रोज पिस्तूल रिकामे करून तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये चढवले तर गोळी काडतुसाच्या कवचात आत दबत जाते आणि झाडल्यावर दाब धोकादायक प्रमाणात वाढू शकतो. नव्या काडतुसाशेजारी उभे करून ते बुटके दिसले तर वापरू नये.

स्वच्छतागृह, मूल, गर्भारपण

सार्वजनिक स्वच्छतागृहात पिस्तूल काढून खुंटीवर, कागदाच्या पेटीवर किंवा टाकीवर ठेवणे हा ते विसरून जाण्याचा हमखास मार्ग आहे. ते होल्स्टरमध्येच राहू द्यावे, बसताना पट्टा परत लावून गुडघे किंचित पसरावेत, म्हणजे पँट गुडघ्यांवर ताणलेली राहते आणि होल्स्टर दाराखालून शेजारच्यांना दिसत नाही. स्वतंत्र पट्ट्याने थेट अंगावर बांधायच्या रचनेत हा प्रश्न बहुतेक उरत नाही.

मूल कडेवर घेणाऱ्यांनी ते पिस्तुलाच्या विरुद्ध बाजूला घ्यावे. पुढे होल्स्टर असेल तर मुलाचा पाय नेमका मुठीवर येतो आणि होल्स्टर खाली ढकलले जाते. दोन मुले सांभाळताना कमरेवरची एकही जागा मोकळी राहत नसेल तर त्या काळापुरते पिस्तूल घरातल्या कुलूपबंद पेटीत ठेवणे हाही एक पूर्ण सन्मान्य निर्णय आहे, आणि तो मी दोन वर्षे घेतला होता.

गर्भारपणात चौथ्या-पाचव्या महिन्यापासून पुढच्या बाजूची जागा बहुधा बंद होते. होल्स्टर कुशीकडे न्यावे लागते किंवा पोटाच्या वर, बरगड्यांखाली बांधायचा पट्टा लागतो, आणि उपसण्याचा सराव नव्याने, रिकाम्या पिस्तुलाने करावा लागतो. या काळात गोळ्या झाडण्याचा सराव थांबवावा, विशेषतः बंदिस्त रेंजवर. काडतुसातून उडणारे शिसे आईच्या रक्तातून गर्भापर्यंत पोहोचते आणि कानांवर लावलेले संरक्षण पोटातल्या बाळाच्या कानांना मिळत नाही. रेंजवर जाऊन आलेल्या घरातल्या माणसांनीही कपडे वेगळे धुवावेत आणि बाळाला घेण्यापूर्वी हात-तोंड साबणाने स्वच्छ धुवावे.

ठसा आणि हात

इतके सगळे जुळल्यावर कपड्यांचे काम फार उरत नाही. एकरंगी, पातळ, अंगासरशी पडणाऱ्या कापडापेक्षा बारीक नक्षीचे आणि थोडे जड कापड कडा चांगल्या लपवते. वरचा कपडा होल्स्टरखाली एक वीत उतरावा, म्हणजे हात वर करून फळीवरची वस्तू घेताना कंबर उघडी पडत नाही. वाकण्याऐवजी गुडघ्यांत बसून वस्तू उचलण्याची सवय पाठीलाही बरी. मोटारीत आसनाचा पट्टा लावल्यावर कपड्याची कड त्याखालून सोडवून घ्यावी, नाहीतर उतरताना कपडा मुठीच्या मागे अडकून राहतो.

ज्याने कोणाचेही लक्ष जाते ती खूण मात्र कापडाची नसते. दर पाच मिनिटांनी मुठीवर जाणारा हात ही ती खूण. हात जातो कारण होल्स्टरवर विश्वास नसतो. पट्टा आणि कोन जुळल्यावर माझा हात जायचा थांबला. त्यासाठी वेगळी शिस्त लावावी लागली नाही.

सुटलेली समस्या परत आली तर

काही आठवड्यांनी तेच कलणे, तेच सरकणे पुन्हा सुरू झाले तर नवी खरेदी करण्याआधी होल्स्टरचे स्क्रू पाहावेत. चालण्याच्या सततच्या हादऱ्यांनी ते सैल होतात, क्लिप एक-दोन मिलिमीटर फिरते आणि पूर्वीचा कोन हरवतो. सगळे जुळल्यावर स्क्रू पूर्ण काढून त्याच्या आट्यांवर स्क्रू घट्ट धरून ठेवणाऱ्या द्रवाचा एक थेंब लावावा, पुन्हा आवळावे आणि स्क्रूच्या डोक्यावरून होल्स्टरवर जाईल अशी रंगाची एक बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला आहे. चापाजवळचा पकड कमी-जास्त करणारा स्क्रूही याच वेळी तपासावा. रिकामे पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवून गादीवर उलटे धरून हलवले तर ते पडता कामा नये. इलॅस्टिकचे पट्टे घामाने आणि धुण्याने ताण गमावतात आणि त्यांवर कोणतीही दुरुस्ती चालत नाही, ते बदलावेच लागतात. पाचरीचा फोम दबून अर्धा झालेला असतो, तो बोटाने दाबून पाहावा. पिस्तूलही आठवड्यातून एकदा रिकामे करून पुसावे, कारण अंगाच्या घामाने पोटाकडच्या बाजूचे स्क्रू आणि नेम धरण्याचे भाग आधी गंजतात आणि होल्स्टरच्या तळाशी साचलेला कपड्यांचा धुरळा नळीत जातो.

हे सर्व पाहूनही मूठ कलतच असेल तर पहिल्या दिवसाची पँट पुन्हा घालून त्याच आरशासमोर पाच वेळा बसून उठावे. माझ्या बाबतीत शेवटच्या वेळी बिघडलेले काहीच नव्हते. मी नवीन, उंच कमरेची पँट घालू लागले होते.